बाल्कनीतली एक जागा

१

चला, पैज लावू. ही गोष्ट कुठे जाऊन थांबते ते आत्ताच ओळखून दाखवा. ओळखलंत तर ही टोपी तुमची, अन् टोपी नवी आहे, एकाच मयताला घातलेली. तुम्ही म्हणाल, कोणीतरी मरणार. बरं, धरून चालू. पण कोण? अन् मेलं हे ठरवायचं कसं? तिथंच सगळे हरतात. बसा.

आमच्या सेडर रस्त्यावर व्हर्लीन टब्सला ओळखत नाही असा एकच प्राणी होता, पाद्रीबाबांचा नवा कुत्रा. आता तोही तिला बघून शेपूट घालतो. व्हर्लीन आमच्या चर्चमधली अशर, म्हणजे लोकांना जागा दाखवणारी. ऐकायला सोपं काम, पण आमच्याकडे त्याचा थाट पलटणीसारखा. पांढरा झगा, पांढरे बूट, पांढरे हातमोजे, डावा हात पाठीशी दुमडलेला, अन् तोंड बंद. प्रार्थना चालू असताना बोलेल ती अशर कसली! सगळं हातांनी. पुढे उभी असलेली उजवा हात वर करून बोटं दाखवते. दोन बोटं म्हणजे इथं दोन जागा रिकाम्या. मागे दाराशी उभी असलेली तळहात छातीवर ठेवते, म्हणजे समजलं, पाठवते. मग पुढचीचा हात खाली. एकदा तळहात छातीवर गेला की माणूस पाठवायचाच. तिथं "बघू नंतर" नाही.

व्हर्लीनने अर्धं आयुष्य दाराशी काढलं. "हिला झोपेत कोणी बोट दाखवलं तरी हात छातीवर जाईल," असं ओझेला म्हणायची.

ओझेला तिची धाकटी बहीण. नवरे दोघींचे गेलेले, एकीचा देवाघरी, एकीचा दुसऱ्या बाईच्या घरी. म्हातारपणी दोघी एकाच घरात राहायच्या. तरुणपणी ओझेला ट्यूलिप हॉलमध्ये गायची. ट्यूलिप म्हणजे आमचा हॉल, काळ्या लोकांनी स्वतःच्या हातांनी बांधलेला. गावातल्या गोऱ्यांच्या थिएटरात तेव्हा आम्हाला मागच्या दाराने नेऊन बाल्कनीत कोंबायचे. म्हणून ट्यूलिपच्या बाल्कनीत बसायला लोक आधी तयारच नव्हते. स्वतःच्या हॉलात येऊन पुन्हा वरच बसायचं? पण ज्यांना कान होते ते गुपचूप वर जायचे. आवाज वर जसा लागायचा तसा खाली लागायचा नाही.

पुढे हॉल बंद पडला. कबुतरं आली, छप्पर गळायला लागलं. नगरपालिकेला तिथं गाड्या लावायला मोकळी जागा करायची होती. वस्तीने हट्ट धरला. शनिवारी मासे तळून विकले, केक विकले, तरुण पोरांना घाबरवून वर्गण्या काढल्या, अन् हॉल मिळून विकत घेतला. एकेका घराने खुर्च्यांची एकेक रांग घरी नेली अन् नव्या गाद्या शिवून आणल्या. या सगळ्यात व्हर्लीन पुढे. लोक म्हणायचे, हॉलसाठी काय तळमळ बाईची!

तळमळ होती, पण हॉलसाठी नव्हती. ओझेलाची फुप्फुसं सुकत चालली होती. नाकात नळी, अन् मागे चाकांवर ऑक्सिजनचं नळकांडं. त्या नळकांड्याचं नाव तिने अर्ल ठेवलं होतं, पळून गेलेल्या नवऱ्याचं. "हाही तसाच, मागे मागे फिरतो अन् नुसते सुस्कारे टाकतो. पण हा घरी तरी असतो." डॉक्टरने सांगितलं होतं, थंडी पडली की गाणं विसरा. म्हणून थंडीच्या आत हॉल उघडायला हवा होता. ओझेलाने त्या स्टेजवर एकदा गायला हवं होतं. फक्त एकदा. वस्तीचं कल्याण वगैरे त्याच्या मागून.

२

पाद्रीबाबांनी ठरवलं की उद्घाटनाला जागा दाखवायला चर्चच्याच अशर उभ्या राहतील. म्हणून दुपारी हॉलमध्ये त्यांची तालीम सुरू झाली. रंगाचा वास, लाकडाचा भुसा, अन् मधेच छपरातून येणारी उन्हाची तिरीप. खाली रांगा लागलेल्या. वर बाल्कनीचं काम पुढच्या वर्षावर ढकललेलं, कारण जिना थोडा कुजलेला. जिन्याच्या दाराला कुलूप अन् बाल्कनीच्या पुढे धूळ अडवायला प्लॅस्टिकचा पडदा.

व्हर्लीन मागच्या दाराशी उभी. खाली चौघी. त्यातल्या लरलीनने डावीकडून दोन बोटं दाखवली. व्हर्लीनचा तळहात छातीवर, मग तिने दोन माणसं पाठवली, म्हणजे दोन सुतार, अन् ते जाऊन बसले. उजवीकडून तीन बोटं. तळहात छातीवर. समोरून एक बोट. तळहात छातीवर.

मग तिच्या लक्षात आलं, की समोर कोणी उभी नव्हती. बोट वरून आलं होतं.

प्लॅस्टिकच्या फटीतून कठड्यावर एक पांढरा हातमोजा दिसत होता. एकच बोट वर. कोपर बरगडीला घट्ट चिकटवलेलं, व्हर्लीनच्या आईच्या वेळी शिकवायचे तसं. आताच्या बायका कोपर बाहेर काढून उभ्या राहतात, कोंबडीसारख्या. हा हात तसा नव्हता. हाताच्या मागे अंधार होता, तोंड काही दिसलं नाही.

व्हर्लीनला वाटलं, पडद्याची सुरकुती असेल. रंगाऱ्याने खिळ्याला अडकवलेला मोजा असेल.

तेवढ्यात तो हात खाली गेला. उत्तर मिळाल्यावर जातो तसा. घाई नाही, धांदल नाही.

३

संशय आधी माझ्यावर आला. येणारच. पाद्रीबाबांच्या पाण्याच्या पेल्यात एकदा कोणी व्हिनेगर ओतलं होतं तेव्हापासून गावात काहीही झालं की माझंच नाव निघतं.

"तो म्हातारा कुठाय?" व्हर्लीनने विचारलं.

"न्हाव्याकडे," थिओडिस म्हणाला. थिओडिस म्हणजे कामाचा ठेकेदार, बैलासारखा माणूस, बायकोला सोडून सगळ्यांना हो म्हणणारा. "मीच आत्ता बघून आलो. तोंडावर गरम टॉवेल टाकून घोरत होता."

"मग वर कोण आहे?"

"वर कोण असणार, सिस्टर?" चर्चमधल्या बाईला आम्ही सिस्टरच म्हणतो. "किल्ली माझ्या खिशात आहे."

"मग जाऊन बघ."

थिओडिस गेला. त्याचे बूट जिन्यावर वाजले, मग डोक्यावरून इकडून तिकडे. खाली सगळ्या माना वर करून उभ्या. वरून एक आवाज आला, धप्प. घडीची खुर्ची मिटली की येतो तसा. मग तो खाली आला, कपड्यावर धूळ झटकत.

"कोणी नाही. सगळ्या खुर्च्या मिटलेल्या, वर बोटभर धूळ. एक तेवढी पहिल्या रांगेत उघडी होती. स्प्रिंग गेली असेल म्हणून मी मिटली."

"मग मिटलेली राहिली का?"

"राहिली ना."

"म्हणजे स्प्रिंग चांगली आहे."

थिओडिसने डोकं खाजवलं. "हो. आता तुम्ही म्हणताय तर, हो."

"अन् तिच्यावर धूळ?"

"सिस्टर व्हर्लीन," तो म्हणाला, "मला छप्पर गळतंय ते बघायचंय."

४

व्हर्लीन डोक्याने पक्की बाई. भुतं, सावल्या, उलटे झाडू, असल्या गोष्टींना ती नाक मुरडते. तिने मनाशी हिशेब मांडला. ऊन हलतं, पडदा हलतो, कबुतर पांढरं असतं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय, डॉक्टरनेच सांगितलंय. सगळं बरोबर होतं. पण कबुतराला कोपर बरगडीला लावता येत नाही.

पुढच्या तालमीला तिने ठरवलं की वर बघायचंच नाही. तिने मान खाली ठेवली अन् समोरच्या लरलीनच्या बुटांकडे बघत राहिली. लरलीन मधेच थांबली.

"काय गं?"

"काही नाही," लरलीन म्हणाली. "वर खुर्ची वाजली वाटतं."

वाजली होती. धप्प नाही, मिटल्याचा तो आवाज वेगळा. ही उघडल्याची, हळू, करकरत, कोणी पाहुण्यासाठी हाताने खाली दाबून धरावी तशी.

व्हर्लीनने वर बघितलं. आता बोट नव्हतं. तळहात वर करून चार बोटं आत वळवलेली. आमच्यात त्याचा एकच अर्थ. *कुठाय माणूस? पाठव ना.*

तिने दोन्ही हात छातीपुढे आडवे केले, म्हणजे चुकलं, माफ करा, कोणी येत नाही. हा इशारा ती आयुष्यात पहिल्यांदा करत होती. हात थोडा थांबला, विचार केल्यासारखा. मग पुन्हा तेच. पाठव ना.

"लरलीन, वर बघ बरं."

लरलीनने बघितलं. "पडदा हलतोय. थिओडिसला सांग, खिळे मारायला. अन् तू घरी जा, पांढरी पडलीयस."

"आपण कशाला पांढरे पडतोय," व्हर्लीन म्हणाली, अन् चौघी हसल्या. पण तिचा तळहात पुन्हा छातीकडे निघाला होता. तिने तो दुसऱ्या हाताने धरून खाली आणला.

५

तिने घरी ओझेलाला सांगितलं. दोघी स्वयंपाकघरात शेंगा सोलत होत्या. अर्ल टेबलापाशी उभा राहून सुस्कारे टाकत होता.

ओझेला हसली, मग खोकली, मग पुन्हा हसली. तिचं हल्ली असंच, एका हसण्याला दोन हप्ते लागायचे. "म्हणजे तू भुताला... जागा कबूल करून आलीस?"

"भूत नाही. काय आहे मला माहीत नाही. पण हात छातीवर गेला खरा."

"अन् आता कोणाला पाठवणार? पाद्रीबाबांना पाठव. जरा शांतता... मिळेल."

"मी जाईन. तुझं गाणं सुरू झालं की जाऊन बसेन. माझी चूक, मीच निस्तरते."

"अशर बसत नसते. तूच सांगतेस सगळ्यांना."

"मोजे काढून बसेन."

ओझेलाने शेंग बाजूला ठेवली. "व्हर्ल, तुला गंमत सांगू? मी त्या हॉलात इतकी वर्षं गायले, पण मला कोणी कधी जागा दाखवली नाही. आले की मागून स्टेजवर, अन् मागूनच बाहेर. लोक खाली येऊन सांगायचे, वरून काय लागतो गं तुझा आवाज! मी म्हणायचे, असेल बाई. मी कुठं... ऐकलाय?"

"तोंड बंद कर अन् दम घे. तू गाणार आहेस."

"गाणार आहे ना," ओझेला म्हणाली. फार लवकर म्हणाली. तेव्हाच व्हर्लीनने ओळखायला हवं होतं. पण शेंगा संपल्या, पातेलं चुलीवर गेलं, अन् गोष्ट तिथंच राहिली.

६

उद्घाटन शनिवारी दुपारी. थंडी पडायची होती. मी स्वतः होतो, तिसऱ्या रांगेत, अन् खिशात काही आणलं नव्हतं, शपथ. हॉल फुल्ल. बायकांच्या टोप्या एवढ्या की मागच्यांना स्टेज दिसेना. पंखे हलतायत, मुलं रडतायत, कोणीतरी आतच तळलेलं चिकन उघडलंय. बाल्कनीचा पडदा पाहुण्यांना वाईट दिसेल म्हणून सकाळी काढून टाकलेला. वर नुसता काळोख.

व्हर्लीन दाराशी. तिने सगळ्यांना बसवलं. वर बघायची वेळच आली नाही. बँड झाला, मुलांचं समूहगान झालं, अन् पाद्रीबाबा माईकवर येऊन म्हणाले, "आता आपली, आपल्याच रस्त्यावरची..." पुढचं टाळ्यांत बुडालं.

व्हर्लीनने मोजे काढले, लरलीनच्या हातात दिले. "माझी जागा सांभाळ." ती बाजूच्या जिन्याकडे गेली. थिओडिसकडे किल्ली मागायची होती, पण थिओडिस कुठे दिसेना. अन् किल्लीची गरज पडली नाही. कुलूप काढलेलं होतं, दार उघडं.

जिन्यात अंधार होता. वरून एक आवाज आला, चाकाचा. छोटं चाक, तेल नसलेलं. मग सुस्कारा.

मागे हॉलमध्ये ओझेला गायला लागली.

पहिली ओळ लांब होती. घरी ती ओळ ओझेला चार ठिकाणी तोडायची. इथं ती सुरू झाली अन् चालू राहिली. व्हर्लीन तिथंच थांबली. ओळ संपली नाही. वळण घेतलं, खाली आली, पुन्हा वर गेली, अन् हॉलमधल्या सगळ्या बायकांनी एकदम "हंऽऽ" केलं, आम्ही खरं गाणं ऐकलं की करतो तसं. व्हर्लीन मागे पळत दाराशी आली. स्टेजवर ओझेला. हिरवा झगा, मोत्यांची माळ, नाकात नळी नाही, मागे अर्ल नाही. छाती भरून येत होती अन् रिकामी होत होती, वीस वर्षांच्या पोरीसारखी.

व्हर्लीनच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, देवा, हेच मागितलं होतं.

मग तिने वर बघितलं.

बाल्कनीच्या पहिल्या रांगेत ओझेला बसली होती. तोच हिरवा झगा. नाकात नळी. कठड्यावर कोपर टेकवून, हनुवटी हातावर ठेवून, ती ऐकत होती, तोंड जरासं उघडं. जत्रेत बसलेल्या पोरीसारखं. तिच्या खांद्यामागे काहीतरी पांढरं उभं होतं, ताठ, अन् त्याचा डावा हात दिसत नव्हता.

ओझेलाने खाली व्हर्लीनकडे बघितलं. मान डोलावली. खरंच गं, काय लागतो!

गाणं संपलं. लोक उभे राहिले, टोप्या उडाल्या, मी स्वतः ओरडलो. एवढी माणसं उभी राहिल्यावर मधलं काही दिसेना. व्हर्लीन दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली, त्या गुडघ्यांनी, त्या कुजक्या जिन्यावरून. वर सगळ्या खुर्च्या मिटलेल्या होत्या. पहिल्या रांगेत, एका खुर्चीच्या हातावर नळी टांगलेली, अन् अर्ल शेजारी उभा राहून सुस्कारे टाकत होता.

खाली स्टेजवर ओझेला अजून टाळ्या घेत होती.

७

थिओडिसने नंतर सांगितलं. माझ्यासमोरच, त्याच्या ट्रकमध्ये बसून.

"तीच म्हणाली, मला एकदा वरून बघू दे, मग मी गाते. मी नाही कसं म्हणणार? हाताला धरून नेली, नळकांडं उचलून नेलं, खुर्ची उघडून बसवली. खुर्ची आधीच उघडी होती, ते सोड. म्हटलं, नाव पुकारलं की न्यायला येतो. न्यायला निघालो तोवर गाणं सुरू. मला वाटलं, मागच्या जिन्याने उतरली असेल."

"ट्यूलिपला मागचा जिना आहे?" व्हर्लीनने विचारलं.

थिओडिसने चावी फिरवली अन् गाडी सुरू केली. "नाही," तो म्हणाला. त्यानंतर त्याने ते काम दुसऱ्याला दिलं.

हॉल मस्त चाललाय. दर शनिवारी ओझेला गाते. बाल्कनीही दुरुस्त झाली, लोक बसतात, कोणाला काही होत नाही. पांढरा हात पुन्हा कोणी बघितला नाही. त्याला एकच जागा भरायची होती, ती भरली. डॉक्टरने ओझेलाची छाती तपासली, पुन्हा तपासली, दुसऱ्या डॉक्टरला बोलावलं. चर्चमध्ये पाद्रीबाबांनी चमत्कार म्हणून जाहीर केलं. बायका रडल्या. ओझेला घरी असते, जेवते, तेच जुने विनोद सांगते, पळून गेलेल्या नवऱ्याला तशाच शिव्या देते. काही म्हणजे काही वेगळं नाही. मी स्वतः तिला खोड्या काढून बघितल्या. बरोबर तिथंच चिडते.

व्हर्लीनने तिला एकदाच विचारलं, पोळपाटावर बिस्किटांचं पीठ लाटता लाटता, जाता जाता विचारावं तसं. "वरून कसा लागला गं आवाज?"

"मला काय माहीत?" ती म्हणाली. "मी खाली होते."

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की दार बंद होत नाही. एक केक घेऊन येते, एक भाजीची परात आणते, कोणी येऊन नुसतं खुर्चीत बसतं. चर्चमध्ये पांढऱ्यातल्या अशर रांगेच्या कडेला उभ्या राहतात, अन् घरातली बाई कोसळली की एक तिला धरते, दुसरी पंख्याने वारा घालते. रड गं, म्हणतात, मोकळी हो. व्हर्लीनने अख्ख्या गावाला असं धरलंय. तिच्या दाराशी मात्र कोणी केक घेऊन आलं नाही. कशाला येतील? बहीण तर ओसरीवर बसून सगळ्यांना हात करतेय.

परवा व्हर्लीन चुलीपाशी उभी असताना तिला एकदम भरून आलं. कढई खाली ठेवली अन् ती ओट्याला धरून रडायला लागली, हमसून हमसून. टेबलापाशी बसलेली उठली. लांब श्वास घेऊन, पाय न वाजवता तिच्याजवळ आली. एका हाताने तिला कमरेत धरलं, दुसऱ्या हाताने वर्तमानपत्राने वारा घालायला लागली, अगदी नीट, कोपर बरगडीला लावून.

"रड गं, रड," ती मायेने म्हणाली. "मोकळी हो. कोण गेलं तुझं?"

अन् व्हर्लीनला सांगता येईना.